पळसखेड्याचा आमदार

चि. ताईस,


ग्रामपंचायतीत निवडून आलीस, घरात सगळ्यांना आनंद झाला. पण फोनवर तू जे विचारलंस त्याचं उत्तर फोनवर देण्यासारखं नव्हतं. "मामा, मला कापूस वेचता येतो, भाषण येत नाही. सभेत मी बोलू काय?" तेव्हापासून शेतकरी-कवी ना. धों. महानोर डोक्यात आहेत. तुला ते 'जैत रे जैत' सिनेमाच्या गाण्यांमुळे माहीत. बहुतेकांना तसेच माहीत. गाण्यांनी त्या माणसाचं निम्मं आयुष्य झाकून टाकलंय.

जन्म १९४२चा, गाव पळसखेडे, सोयगाव तालुक्यातलं, अजिंठ्याच्या डोंगराजवळचं. जिल्हा तेव्हाचा औरंगाबाद, म्हणजे मराठवाडा. पण शिकायला ते गेले जळगावला, खानदेशात. तिथे कॉलेजचं एक वर्ष झालं आणि स्वारी परत शेतात. १९६७ साली 'रानातल्या कविता' आल्या, नाव झालं, आणि तरीही मुक्काम पळसखेड्यालाच राहिला. नाव झाल्यावर पुण्या-मुंबईत फ्लॅट घेऊन गावच्या मातीवर लिहिणारे आपल्याकडे थोडे नाहीत. (आता आम्हीही पेन्शन घेऊन शहरातच बसलोय, म्हणून जास्त बोलत नाही.)

१९७८ साली राज्यपालनियुक्त सदस्य म्हणून ते विधान परिषदेत गेले. वय पुरतं छत्तीसही नव्हतं. परिषदेच्या ७८ जागांपैकी १२ राज्यपाल नेमतात : साहित्य, विज्ञान, कला, सहकारी चळवळ आणि समाजसेवा यांतल्या जाणकारांसाठी. महानोर साहित्यिक म्हणून गेले आणि बोलले मात्र कोरडवाहू शेतकऱ्यासारखे. मतदारसंघ नव्हता, पाच वर्षांनी मतं मागायची नव्हती. अशा माणसाला गप्प बसून भत्ता घेणं सोपं असतं. त्यांनी जिरायत शेती, पाणी, फळबागा हाच मतदारसंघ मानला. नव्वदच्या सुमारास पुन्हा नेमणूक झाली तेव्हाही विषय तेच. त्या भाषणांचं 'विधिमंडळातून' हे पुस्तक आहे. ते कवितांच्या मानाने फार कमी लोकांनी वाचलं असेल.

परिषदेचं शेतीशी नातं जुनंच होतं म्हण. रोजगार हमी योजनेचे जनक वि. स. पागे १९६० ते १९७८ याच सभागृहाचे सभापती होते. १९७२च्या दुष्काळात या योजनेने लाखो हातांना काम दिलं, खडी फोडायचं का होईना. पण सडक झाली की काम संपतं. कष्टाचं पुढे काय उरतं? १९९०पासून फळबाग लागवड रोजगार हमीला जोडली गेली. खड्डे खणणं, रोपं लावणं, ती जगवणं यासाठी शेतकऱ्याला स्वतःच्या रानात सरकारी अनुदान मिळू लागलं. डाळिंब, सीताफळ, आंबा, काजू पसरले त्यात या निर्णयाचा मोठा वाटा आहे. ते श्रेय एकट्या महानोरांचं नाही, निर्णय सरकारचा, मुख्यमंत्री शरद पवार. पण सभागृहात फळबागेबद्दल बोलणारा माणूस घरी झाडं लावणारा होता, एवढं खरं.

सीताफळाचंच बघ. हलकी, मुरमाड जमीन त्याला चालते. शेळ्या पाल्याला तोंड लावत नाहीत. उन्हाळ्यात पानं गाळून ते झोपी जातं, म्हणून पाणी नसतानाही तगतं. पावसाच्या तोंडाशी फुलतं आणि दसरा-दिवाळीला पैसे देतं. ज्याच्या विहिरीला मार्चमध्येच तळ लागतो त्याच्यासाठी यापेक्षा शहाणं झाड कुठलं? महानोरांनी सीताफळाच्या एका वाणाला लता मंगेशकरांच्या नावावरून 'लताफळ' म्हटलं. कवी तो कवीच! पण शासनाने त्यांना कृषिभूषण केलं ते कवितेसाठी नव्हे. पुढे कापूसपट्ट्यात आत्महत्या वाढल्या तेव्हा 'शेती, आत्मनाश आणि संजीवन' लिहायला बसणारेही तेच.

एक गोष्ट मला खटकते, तीही लिहितो. त्यांनी 'शरद पवार आणि मी' असं पुस्तकच लिहिलं. नेत्याच्या इतक्या जवळ असलेल्या माणसाला सरकारवर पूर्ण ताकदीने तुटून पडता येतं का? मला शंका आहे. दुसरीकडे, त्या जवळिकीमुळेच पळसखेड्याचं म्हणणं मंत्रालयात पोचलं असेल, हेही नाकारता येत नाही. राज्यपालनियुक्त बारा जागांचं अलीकडे काय झालं ते तू पेपरात वाचलंसच. २०२०मध्ये पाठवलेल्या बारा नावांवर राज्यपालांनी निर्णयच घेतला नाही, जागा रिकाम्या राहिल्या. आणि भरतात तेव्हा त्यांत शेतकरी किती आणि तिकीट हुकलेले किती, हे मोजायला फार गणित लागत नाही.

महानोर ३ ऑगस्ट २०२३ला पुण्यात गेले. दुसऱ्या दिवशी सगळीकडे त्यांची गाणी वाजली. सभागृहातल्या भाषणांची आठवण फार थोड्यांनी काढली.

तेव्हा भाषण शिकायच्या नादी लागू नकोस. वरच्या अंगाच्या नालाबांधात गाळ किती साचलाय आणि कुणाच्या विहिरीला कधी तळ लागतो, हे तुला ग्रामसेवकापेक्षा जास्त ठाऊक आहे. येत्या ग्रामसभेत गाळ काढण्याचा ठराव तूच मांड, आणि तो इतिवृत्तात तुझ्या नावाने लिहिला गेला की नाही हे सही करण्याआधी वाचून घे.

तुझा,
मामा