कलरिंग बुकवर फोटो कुणाचा?

14 एप्रिल जवळ आला की आमच्या वस्तीत पैसे देणारे आपणहून येतात. यंदा एक भावी नगरसेवक आले. अभ्यासिकेतल्या मुलांसाठी बाबासाहेबांच्या जीवनावर 16 पानांचं कलरिंग बुक छापून देतो म्हणाले. नमुना दाखवला. मुखपृष्ठावर बाबासाहेब कोपऱ्यात, साहेब मध्यभागी, हात जोडून. आम्ही नाही म्हटलं.

तेव्हापासून कार्यकर्त्यांत दोन तट आहेत. एक म्हणतो, फुकट मिळत होतं, घ्यायचं होतं. दुसरा म्हणतो, मार्केटिंग हा शब्दच चळवळीत नको. मला दोन्ही पटत नाही.

मित्रहो, 1920 साली ‘मूकनायक’ निघाला तेव्हा पैसे देऊनही त्याची जाहिरात ‘केसरी’ने छापली नाही. हा किस्सा आपण केसरीचा जातीयवाद दाखवायला सांगतो, तो बरोबरच आहे. पण त्यातच दुसरी गोष्टही आहे: आपलं पत्र लोकांना माहीत व्हावं म्हणून जाहिरात द्यायला बाबासाहेबांना संकोच वाटला नव्हता.

क्लासवाले आणि कंपन्या कलरिंग बुक उगाच वाटत नाहीत. पत्रक गेटबाहेर फेकलं जातं. कलरिंग बुकच्या एका पानावर मूल अर्धा तास वाकून बसतं, पुस्तक महिनाभर घरात राहतं, मागचा फोन नंबर आईच्या नजरेला पडत राहतो. मग तिथे आपल्या अभ्यासिकेचा पत्ता आणि वेळ का नको? खर्चही झेपणारा आहे. आतली पानं एकाच काळ्या शाईत, साध्या मॅपलिथोवर. रंगीत फक्त मुखपृष्ठ, वर दोन पिना. देणगीदाराचं नाव मागच्या पानावर खाली एका ओळीत येईल. ज्याला हे मान्य, त्याचे पैसे आम्ही घेऊ.

खरा प्रश्न आतल्या चित्रांचा आहे. बाजारातल्या पुस्तकांत पानोपानी तोच निळा कोट, तेच उंचावलेलं बोट. मूल निळा खडू झिजवतं आणि संपलं! आम्हाला 20 मार्च 1927 चं चवदार तळं हवंय, पण बाबासाहेबांसोबत पायऱ्या उतरणारी माणसंही हवीत. आपला पणजोबा त्यातला कोण, असं मुलानं विचारावं. आणि मुक्ता साळवे हवी. फुल्यांच्या शाळेतल्या या मांग मुलीनं मांग-महारांच्या दुःखावर लिहिलेला निबंध 1855 साली ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला.

खडूंचंही सांगतो. पेटीतला फिकट गुलाबी खडू मुलं ‘स्किन कलर’ म्हणून उचलतात. अमेरिकेत क्रेयोला कंपनीनं ‘फ्लेश’ या खडूचं नाव 1962 मध्ये बदलून ‘पीच’ केलं. आपल्याकडे मात्र सावळी पोरं अजून आपल्या आजीला गुलाबी रंगवतात. म्हणून पुस्तकासोबत दोन तपकिरी खडू द्यायचे ठरलंय.

चित्रं वस्तीतलीच, कला शिकणारी एक मुलगी काढतेय. मुक्ताच्या पानावर आमचं अडलंय. मी म्हणतो, वर्गात उभी राहून निबंध वाचताना दाखव. ती म्हणते, नाही दादा, लिहिताना. वाचून तर आपणही दाखवतो. रविवारच्या बैठकीत मुलांनाच विचारणार आहोत.