दम लागला पाहिजे

जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच पंधरवड्यात मी पाचवीच्या मुलांना मैदानावर उभं करते. सहाशे मीटर, म्हणजे आमच्या मैदानाच्या चार फेऱ्या. पळा, चाला, वाटेत थांबा, पण पूर्ण करा, एवढीच अट. हातात स्टॉपवॉच असतं, पण माझं लक्ष असतं चेहऱ्यांवर. कोण दुसऱ्याच फेरीत कंबरेवर हात ठेवतो, कोणाच्या पोटात दुखायला लागतं, कोण बुटाची नाडी बांधायचं निमित्त करून खाली बसतो. सव्वीस वर्षं मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवते आहे. सुरुवातीच्या वर्षांत चौथ्या फेरीला मागे पडणारी दोन-चार मुलं असायची. आता दुसऱ्या फेरीपासूनच निम्मा वर्ग चालत असतो.

काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा दुसरी फेरी संपायच्या आत मटकन खाली बसला. हातापायांच्या काड्या, गणवेश अंगावर लोंबतोय. त्याच्या आईला बोलावून घेतलं, तर त्या म्हणाल्या, “बाई, हा जाड कुठे आहे? उलट याच्या अंगाला काही लागतच नाही. म्हणून मी दोन्ही वेळा दुधात पावडर घालून देते, वर बिस्किटं.” मी त्याचा सदरा जरा वर करायला सांगितला. काडीसारख्या त्या देहावर छोटीशी, मऊ ढेरी होती. त्याच वर्गात एक चांगला भरलेल्या अंगाचा मुलगा होता. तो धापा टाकत, पण एकदाही न थांबता चारही फेऱ्या पळाला होता. त्याच्या घरचे मात्र त्याच्या वजनाने हैराण होते आणि त्याला रात्री जेवूच देत नव्हते.

या दोन मुलांनी मला माझा विषय नव्याने शिकवला. लठ्ठपणा म्हणजे काट्यावरचा आकडा, ही समजूत आपल्या मुलांच्या बाबतीत पुरेशी नाही.

याचा पुरावा आपल्या पुण्यातच आहे. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 साली पुण्याजवळच्या सहा गावांतल्या मातांचा आणि बाळांचा अभ्यास सुरू केला. तिथली नवजात बाळं सरासरी 2.7 किलोची, इंग्लंडमधल्या बाळांपेक्षा जवळजवळ 800 ग्रॅमने हलकी. पण हे वजन कमी होतं ते मुख्यतः स्नायूंचं आणि आतल्या अवयवांचं. पाठीवरच्या कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नव्हती. दिसायला किडकिडीत, आतून चरबीकडे झुकलेली अशी ही बाळं. पुढे 2004 साली डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचा एकत्र फोटो ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. उंचीच्या मानाने वजन सांगणारा बीएमआय दोघांचाही सारखाच, 22.3. शरीरातली चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2 टक्के!

म्हणूनच भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2015 साली वाढीचे तक्ते नव्याने केले, तेव्हा आपल्या मुलांसाठी धोक्याच्या रेषा खाली आणल्या. मोठेपणी 23 बीएमआयला जाऊन भिडणारी रेषा जास्त वजनाची, 27ला भिडणारी लठ्ठपणाची. डॉक्टरांनी तक्त्यावर खूण केली की ती कोणत्या रेषेजवळ आहे, हे पालकांनी आवर्जून विचारावं.

घरच्या घरी करता येण्याजोगी एक तपासणी मी पालकसभेत दाखवते. तिच्यासाठी फक्त सुतळी लागते. मुलाच्या उंचीइतकी सुतळी कापायची, बरोबर मधोमध दुमडायची आणि ती दुहेरी सुतळी बेंबीच्या जरा वरून पोटाभोवती गुंडाळायची. टोकं सहज जुळली तर ठीक. जुळली नाहीत, तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. पाच वर्षांपुढच्या मुलांना ही कसोटी चालते. दुसरी खूण मानेवर दिसते. मानेच्या मागे, काखेत कातडी काळपट आणि जाडसर दिसू लागली की आया ती मळ समजून घासत बसतात. हा मळ नव्हे. बहुतेक वेळा शरीराला इन्सुलिन नीट वापरता येत नसल्याचं ते लक्षण असतं. अशा मुलाला डॉक्टरांकडे न्यायचं, ओरडायचं नाही.

आता माझ्या मैदानाकडे येते. दुखणं जर चरबी जास्त आणि स्नायू कमी असं दुहेरी असेल, तर मुलाचं ताट काढून घेऊन ते बरं होणार नाही. वाढत्या वयात उपाशी ठेवलं तर होता तो स्नायूही जातो. त्याला हलवलं पाहिजे. काम करणारा स्नायू रक्तातली साखर स्वतःच ओढून घेतो, त्या वेळी त्याला इन्सुलिनची वाट पाहावी लागत नाही. काट्यावर 100 ग्रॅमही कमी झाले नाहीत तरी हा फायदा मिळतो. म्हणून मी पालकांना सांगते, वजनाचा आकडा महिन्यातून एकदा पाहा, पण मुलाला आज दम लागला का, हे रोज विचारा.

किती दम? जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वर्षांच्या मुलांसाठी रोज सरासरी 60 मिनिटं सांगते, मध्यम ते जोरदार हालचालीची. शिवाय आठवड्यातून निदान तीन दिवस हाडं आणि स्नायू बळकट करणारा खेळ. मध्यम म्हणजे बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही. जोरदार म्हणजे दोन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागतो. हा तास सलग असायला हवा असंही नाही.

त्यासाठी काय लागतं? आपल्याकडे ते पिढ्यान् पिढ्या अंगणात होतं. लंगडीत सगळ्या अंगाचा भार एका पायाच्या हाडावर आदळतो, आणि असाच भार पडला की वाढतं हाड मजबूत होतं. खो-खोत बसल्या जागेवरून उठून झेप घ्यायची, वळायचं, पुन्हा बसायचं. मांड्यांना याहून चांगला व्यायाम सांगता येणार नाही. आट्यापाट्यांत हुलकावणी, लगोरीत नेम आणि धूम, सूरपारंब्यांत हातांची पकड. पावसात मैदानावर चिखल झाला की वर्गाबाहेरच्या व्हरांड्यात दोरीवरच्या उड्या आणि सूर्यनमस्कार. औंधच्या भवानराव पंतप्रतिनिधींनी आपल्या संस्थानातल्या शाळांत सूर्यनमस्कार नेले, ते उगीच नाही. एका सतरंजीएवढ्या जागेत पाठ, खांदे, मांड्या, श्वास, सगळ्यांचं काम होतं.

पण मैदानावर असणं म्हणजे हलणं नव्हे, हे मला फार उशिरा कळलं. एकदा पस्तीस मिनिटांच्या तासाला मी एकाच मुलीवर नजर ठेवून, ती प्रत्यक्षात पळते तेवढाच वेळ मोजला. जेमतेम सात मिनिटं भरली. बाकी वेळ ती रांगेत उभी होती, पाळीची वाट पाहत होती किंवा बाद होऊन कडेला बसली होती. पन्नास मुलांत एक चेंडू दिला तर दुसरं काय होणार? त्या दिवसापासून मी गट लहान केले आणि बाद होण्याचा नियम काढला. आता बाद झालेल्याने दहा दोरीउड्या मारून पुन्हा खेळात यायचं. जो लवकर बाद होतो त्यालाच तर खेळाची जास्त गरज असते. त्यालाच कडेला बसवणं, ही आम्हा शिक्षकांच्या हातून वर्षानुवर्षं झालेली मोठी चूक आहे.

दुसरी चूक शिक्षेची. गृहपाठ केला नाही म्हणून मैदानाला पाच फेऱ्या, मस्ती केली म्हणून पन्नास उठाबशा. ज्या गोष्टीची मुलांना आयुष्यभर गोडी लागायला हवी, तीच आपण शिक्षा म्हणून वापरतो. आणि तिसरी चूक नावं ठेवण्याची. ‘ढोल्या’ ही हाक ऐकलेला मुलगा मैदानावर येणं टाळतो, न आल्याने आणखी सुस्तावतो. माझ्या तासाला दोघांनी आळीपाळीने गडी निवडायची पद्धत बंद आहे. सगळ्यात शेवटी उरणं म्हणजे काय, ते अशा मुलाच्या डोळ्यांत मी पाहिलेलं आहे.

मुलींबद्दल वेगळं सांगितलं पाहिजे. सहावीपर्यंत मुलांच्या पुढे पळणाऱ्या मुली सातवी-आठवीत कडेच्या पायरीवर बसू लागतात. पाळी सुरू झालेली असते, गणवेशाची लाज वाटते, आणि घरून ‘आता मोठी झालीस’ असं बजावलेलं असतं. ट्रॅकपँट आणि अंगावर नीट बसणारे आतले कपडे मिळाले, स्वच्छतागृहात पाणी असलं आणि त्यांच्याशी मोकळेपणाने बोललं, की त्यातल्या बऱ्याच जणी पुन्हा पळू लागतात. पाळीत खेळू नये असा कोणताही वैद्यकीय नियम नाही. बरं वाटत असेल तर खेळायचं, दुखत असेल तर विश्रांती घ्यायची.

‘वेळ कुठे आहे?’ हा प्रश्न मला शिक्षकांच्या खोलीतही ऐकू येतो आणि पालकसभेतही. गणिताचा भाग राहिला की पहिली कुऱ्हाड पी.टी.च्या तासावर पडते. पण वेळ काढता येतो. स्कॉटलंडमधल्या स्टर्लिंग शहरातल्या एका प्राथमिक शाळेच्या मुख्याध्यापिका एलेन वायली यांना 2012 साली दिसलं, की आपली मुलं साधं मैदानभर पळूनही थकतात. त्यांनी रोज पंधरा मिनिटं सगळ्या वर्गाला, आहे त्याच कपड्यांत, ज्याला जमेल तसं पळायला-चालायला बाहेर काढलं. स्पर्धा नाही, साहित्य नाही, खर्च नाही. ‘डेली माइल’ या नावाने हा उपक्रम पुढे अनेक देशांत गेला. आमच्या शाळेत मी मधल्या सुट्टीआधी तो सुरू केला. विरोध झाला, पण गणिताच्याच बाईंनी दोन महिन्यांनी सांगितलं, की फेऱ्यांनंतरच्या तासाला मुलं जास्त शांत बसतात.

घरी तर याहून सोपं आहे. शाळेची व्हॅन दोन चौक अलीकडे सोडा म्हणावं. दळण आणायला, कोथिंबीर आणायला मुलाला पायी पाठवावं. सोसायटीत ‘चेंडू खेळण्यास मनाई’ असा फलक असेल, तर तो काढायला सभेत हात वर करावा. रोज संध्याकाळचा एक तास क्लासपासून आणि मोबाइलपासून राखून ठेवावा. खाण्याचं मी थोडक्यातच सांगते. तहान पाण्याने भागवायची, डब्यात बिस्किटांऐवजी पोळी-भाजी, आणि शाबासकी म्हणून कधीही खाऊ द्यायचा नाही. पळून आलेल्या मुलाला भाकरीही गोड लागते.

त्या दोन मुलांचं पुढे काय झालं? काडीसारख्या मुलाने फेब्रुवारीत चार फेऱ्या पूर्ण केल्या, शेवटची अर्धी चालत. भरलेल्या अंगाच्या मुलाचं वजन तेवढंच राहिलं, उंची मात्र वाढली, आणि त्याच्या घरचे त्याला रात्री जेवू देऊ लागले. यापलीकडे चमत्कार काही घडला नाही. पण दोघंही कडेला बसले नाहीत.

आणि शेवटी दिवाळीबद्दल. तेव्हा बाजारात प्लास्टरचे तयार किल्ले येतात. ते घेऊ नका. मुलांच्या हातात घमेलं द्या. माती खणायची, चाळायची, दगड-विटा वाहून आणायच्या, उकिडवं बसून चिखल थापायचा, पाणी आणायला दहा खेपा घालायच्या, बुरूज ढासळला की पुन्हा उचलाउचल. हाडं आणि स्नायू बळकट करणारा जो व्यायाम आठवड्यातून तीन दिवस हवा असतो, तो हाच. कपडे मळतील, नखांत माती जाईल, हाक मारूनही पोरं जेवायला येणार नाहीत. येतील तेव्हा मात्र त्यांना सपाटून भूक लागलेली असेल आणि चांगला दम लागलेला असेल.