लक्ष कुठे असते हिचे!

प्रत्येक घराण्यात एक जाऊबाई असतात. ओट्यावर पाण्याचा थेंब नाही, विजेचे बिल मुदतीच्या आठ दिवस आधी भरलेले. माझ्या मोठ्या जाऊबाई तशाच. शिवाय स्वभावाने इतक्या चांगल्या, की त्यांच्यावर रागवायचीही सोय नाही! मग राग काढायचा कुणावर? स्वतःवर. दूध उतू गेले की ओटा पुसता पुसता मी पुटपुटायची, "वेंधळी कुठली! बी. ए. झालीस, दोन लेकरांची आई झालीस, काय उपयोग?" तुम्हीही असे काही बोलत असाल. ते कुणाला ऐकू जात नाही, असे आपल्याला वाटते.

इथे अमरावतीत मी एका शाळेत अर्धवेळ मराठी शिकवते. मागच्या वर्षी सहावीच्या तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा ऑटोत विसरला. ऑटोवाला भला माणूस, शाळेचे नाव बघून संध्याकाळी आणून दिला. पण त्या चार तासांत मी स्वतःला जे बोलले, ते वैऱ्यालाही बोलले नसते. रात्री जेवताना माझ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या हातून पेला सांडला. ती स्वतःशीच म्हणाली, "वेंधळी कुठली!" माझेच शब्द, माझाच सूर. मला घास गिळवेना.

ह्यांच्या आग्रहाने मानसोपचारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "लहानपणचे प्रगतिपुस्तक आहे का?" मला हसूच आले. पण एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याचा हा त्रास, मोठेपणी अचानक उपटत नाही म्हणे. त्याच्या खुणा वयाच्या बाराव्या वर्षाआधी दिसलेल्या असाव्या लागतात. पूर्वी ही अट सात वर्षांची होती. २०१३ साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या निदान-पुस्तिकेत ती बारा केली. वर्गात उड्या मारणारा मुलगा लगेच नजरेत भरतो. खिडकीबाहेर बघत गप्प बसलेली मुलगी राहून जाते.

तर प्रगतिपुस्तक शोधायला माहेरी, अकोल्याला निघाले. ह्याच अमरावती-अकोला रस्त्यावर २०२२ च्या जूनमध्ये ७५ किलोमीटरचा डांबरी पट्टा १०५ तास ३३ मिनिटांत टाकला आणि गिनेस बुकात नोंद झाली. एसटीत बसल्या बसल्या मनात आले, तेवढ्या वेळात माझे एक कपाट आवरून झाले नसते. बघा, तुलना करायला जाऊबाई नसल्या तर रस्तासुद्धा चालतो!

आईने माळ्यावरची पत्र्याची पेटी काढून दिली. "हुशार आहे, लक्ष देत नाही." "वस्तू हरवते." "गृहपाठ अपुरा." दुसरी, चौथी, पाचवी, बाईंची अक्षरे वेगळी, शेरा तोच. आई चष्मा लावून वाचत होती. म्हणाली, "किती बोलली वं मी तुले तव्हा! मले वाटे, पोट्टी मुद्दाम करते." मग बराच वेळ आम्ही दोघीही बोललो नाही.

औषधाचे इथे लिहीत नाही, ते ज्याचे त्याचे डॉक्टर ठरवतात. पण समुपदेशक बाईंनी अल्बर्ट एलिस ह्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाची एक गोष्ट सांगितली, ती घरात उपयोगी पडते. १९५५ च्या सुमारास त्यांनी विवेकनिष्ठ उपचारपद्धती मांडली. त्यांचे म्हणणे, कृतीला चूक म्हणा, माणसाला शिक्का मारू नका. "दूध उतू गेले" हे खरे. "मी वेंधळी" हा शेरा. वहीत फक्त घडले तेवढेच लिहायचे. सोपे वाटते? पहिला आठवडाभर माझ्या वहीत नुसते शेरेच उतरले. मग बाईंनी विचारले, "जाऊबाईंचे दूध उतू गेले तर त्यांना काय म्हणाल?" मी म्हणाले, "असू द्या हो वहिनी, होते एखाद्या वेळी." आणि तिथेच रडू फुटले.

ज्यांना डॉक्टरांकडे जायचा संकोच वाटतो, त्यांनी टेलि-मानसला १४४१६ वर फोन करून बघावा; सरकारी आहे, पैसे पडत नाहीत, मराठीत बोलता येते. आणि एक घरगुती युक्ती. दूध गॅसवर असताना ओट्यापासून हलायचेच असेल, तर हातात पळी घेऊन हलावे. पळी दिसली की दूध आठवते.

परवा मी पळी घेऊनच गच्चीवर गेले आणि शेजारणीशी बोलत उभी राहिले. आतून मुलगी ओरडली, "आई, दूध उतू गेलं!" पुढे काहीच म्हणाली नाही. मी फडके घेतले.