वीज कुणावर पडते

जपानच्या ‘टेल्स’ ह्या व्हिडिओ गेमच्या मालिकेत ‘इंडिग्नेशन’ नावाचा विजेचा मंत्र आहे. मालिकेतला पहिला गेम, ‘टेल्स ऑफ फँटेजिया’, नामको कंपनीने १९९५ साली काढला. त्याच्या सुरुवातीलाच एक मांत्रिक खलनायकावर हा मंत्र सोडतो. पुढे २००३च्या ‘सिम्फोनिया’त तो जेनिस नावाच्या बारा वर्षांच्या पोराला येतो, तर २००५च्या ‘अ‍ॅबिस’मध्ये जेड नावाच्या थंड डोक्याच्या फौजी अधिकाऱ्याला. मंत्र म्हणून झाला की आभाळातून वीज थेट शत्रूवर कोसळते. नावाचा अर्थ संताप. पण साधासुधा नव्हे, अन्याय पाहून येणारा संताप.

हे सगळं मला माझ्या मुलाकडून कळलं. ब्रह्माघाटाजवळच्या आमच्या घरात वरच्या खोलीत तो हे गेम खेळतो. आम्ही काही पिढ्यांचे काशीकर. घरात मराठी, जिन्याखाली बनारसी. त्याने मला नियमही समजावले. मंत्र म्हणताना कुणाचा घाव बसला तर मंत्र तुटतो, म्हणून तलवारवाले सोबती पुढे उभे राहून मांत्रिकाला जपतात. आणि वीज पडते तेव्हा सोबत्यांना सहसा ओरखडाही येत नाही.

मला त्यात नवं काही वाटलं नाही. दधीचीच्या हाडांचं वज्र इंद्राने वृत्रावरच फेकलं होतं. आमच्या गल्लीत भांडण पेटलं की बाया अजूनही ‘बज्जर परे’ म्हणून हात वर करतात. वीज म्हणजे वरून आलेला निकाल, आणि निकाल लागतो तो दोषी माणसाचा, ही समजूत जपानच्या गेममध्येही आहे आणि आमच्या गल्लीतही.

ह्या समजुतीची किंमत मी जवळून पाहिली आहे. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंचं गाव गंगेच्या पलीकडे. दोन वर्षांपूर्वी आषाढात त्यांचा नवरा दुसऱ्याच्या शेतात भाताची लावणी करत होता. पाऊस आला तसे चौघे जण महुआच्या झाडाखाली धावले. झाडावर वीज पडली. तिघे वाचले, हा गेला. अंगातली वीज उतरेल म्हणून लोकांनी त्याला तासभर शेणात झाकून ठेवलं. संध्याकाळी बाईंचा फोन आला, तेव्हा मयत थेट मणिकर्णिकेला न्यायची तयारी चालली होती. नवऱ्याबद्दल बोलता बोलता त्या मध्येच म्हणाल्या, “दीदी, लोग कहत हउवन, कौनो पाप रहल होई.”

मी त्यांना एवढंच सांगितलं की आधी पोस्टमॉर्टेम होऊ द्या. वीज पडून गेलेल्याच्या घरच्यांना उत्तर प्रदेश सरकार चार लाख रुपये देतं, आणि मृत्यू विजेनेच झाला हे कागदावर यावं लागतं. थोरल्या दिरांना मयत चिरणं मान्य नव्हतं. फोनवर बराच वेळ गलका ऐकू येत राहिला. मग बाईंचाच आवाज आला, “लइकन के पढ़ावे के हौ.” पोस्टमॉर्टेम झालं. पैसे हातात पडायला सात महिने आणि पुष्कळ खेटे लागले, पण पडले.

पापाची गोष्ट मात्र माझ्या डोक्यातून जाईना. २५ जून २०२० ह्या एका दिवसात बिहारमध्ये वीज पडून ऐंशीहून अधिक माणसं गेली. त्यांतली बरीच शेतात होती. देशात दरवर्षी अडीच हजारांच्या पुढे माणसं विजेने मरतात. एवढे पापी नेमके लावणीच्याच दिवसांत, नेमके चिखलातच कसे सापडतात? विजेच्या वाटेतली हवा क्षणभर तीस हजार अंशांच्या आसपास तापते. ती उंच वस्तू गाठते, झाडातून बाजूच्या माणसावर उडी घेते, ओल्या जमिनीतून पसरते. माणसाचं चारित्र्य तिला कळत नाही. आषाढात उघड्यावर कोण असेल हे आभाळ ठरवत नाही, मजुरी ठरवते.

आणखी एक गोष्ट गावोगाव सांगायला हवी. वीज पडलेल्या माणसाच्या अंगात वीज साठून राहत नाही. त्याला लगेच हात लावता येतो. काही वेळा त्याचं हृदय बंद पडलेलं असतं. त्याच क्षणी छाती दाबायला सुरुवात केली, श्वास दिला, तर काही जण परत येतात. शेणात गेलेला तो तास त्यासाठी होता. हे मी बाईंना आजवर सांगितलेलं नाही. त्यांच्या दिरांना सांगितलं.

त्यांचा धाकटा मुलगा शाळा सुटल्यावर आमच्याकडे येतो आणि माझ्या मुलाचा खेळ बघत बसतो. एकदा पडद्यावर तो मंत्र पडला तेव्हा त्याने विचारलं, “ई मंतर केके मारेला?” शत्रूला, असं माझ्या मुलाने सांगितलं. थोडं थांबून त्याने पुन्हा विचारलं, “अउर जे पेड़ के नीचे खड़ा हौ, ओके?”

माझा मुलगा काही बोलला नाही. त्याने खेळ बंद केला आणि फोन काढला. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने ‘दामिनी’ नावाचं अ‍ॅप केलं आहे. आपल्याभोवती वीस आणि चाळीस किलोमीटरच्या टापूत विजांची हालचाल असली तर ते इशारा देतं. त्याने ते त्या पोराला दाखवलं आणि बाईंच्या फोनवर घालून दिलं. बाईंच्या नवऱ्याकडे साधा बटणांचा फोन होता.

गेल्या आषाढात बाई आमच्याकडे भांडी घासत असताना फोन दोनदा वाजला. दोन्ही वेळा त्यांनी ओल्या हातानेच जावेला फोन लावला आणि गावातल्या बाया लावणी सोडून पक्क्या घरात गेल्या. पहिल्यांदा वीज शेजारच्या गावात पडली. दुसऱ्यांदा कुठेच पडली नाही, नुसता पाऊस आला, आणि शेतमालकाने सगळ्यांची अर्धी मजुरी कापली. आता पुढचा आषाढ येईल. फोन तेव्हाही वाजेल, पण अर्धी मजुरी सोडून किती जणी उठतील, हे मला सांगता येत नाही.