कडाड आणि वळ : चाबकाच्या कातड्याची गोष्ट

१/१०
‘चाबूक’ हा शब्द मराठीत फारसीतून आला. तोच शब्द पूर्वेकडे मलय भाषेत पोहोचला आणि डच अमदानीत आग्नेय आशियातून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांबरोबर दक्षिण आफ्रिकेत उतरला. तेथे त्याचे ‘शॅम्बॉक’ झाले. शब्दाचे मूळ एक, वस्तू मात्र निराळी. ती निराळी कशी झाली, याचे बरेचसे उत्तर कातड्यात आहे.

२/१०
आधी आवाजाविषयी. मनगटाच्या झटक्याने चाबकात एक वेटोळे तयार होते आणि ते शेंड्याकडे धावते. चाबूक निमुळता असल्यामुळे हाताने दिलेली ऊर्जा उत्तरोत्तर कमी वजनात एकवटते आणि वेग वाढत जातो. शेवटी तो ध्वनीच्या वेगालाही, म्हणजे सेकंदाला सुमारे ३४० मीटरला, मागे टाकतो. आपल्याला ऐकू येणारा कडाड हा एक छोटा ध्वनिस्फोट असतो.

३/१०
म्हणून कडाडणाऱ्या चाबकाला दोन गुण हवेत : लवचीकपणा आणि अखंड निमुळतेपणा. मध्येच जाडी एकदम बदलली किंवा सांधा ताठ राहिला, तर वेटोळे तेथे अडखळते आणि ऊर्जा वाया जाते. कारागिराची सारी कसोटी या उतरत्या जाडीत असते.

४/१०
ऑस्ट्रेलियातील गुराख्यांचा ‘स्टॉकव्हिप’ याचे उत्तम उदाहरण. त्यासाठी कांगारूचे कमावलेले कातडे सर्वांत पसंत केले जाते. या कातड्यातील तंतू पृष्ठभागाला बरेचसे समांतर असतात, त्यामुळे ते पातळ असूनही विलक्षण चिवट असते. त्याच्या अगदी अरुंद वाद्या कापल्या तरी त्या ताण सोसतात.

५/१०
अरुंद वादी म्हणजे अधिक पेड, घट्ट वीण आणि गुळगुळीत उतार. मुठीजवळ १२ पेडांनी सुरू झालेली वीण शेंड्याकडे जाताना एकेक पेड सोडत ४ पेडांवर येऊ शकते. गाईच्या कातड्यात तेवढीच ताकद हवी असेल, तर वादी जाड ठेवावी लागते. मग चाबूक जड होतो आणि शेंडा बोजड राहतो.

६/१०
स्टॉकव्हिपची मूठ बहुधा वेताची असते आणि विणलेला भाग तिला कातडी फाशांनी लवचीकपणे जोडलेला असतो. टोकाला एकसंध वादी आणि तिच्या शेवटी दोऱ्याचा लहानसा गोंडा. आवाजाच्या ठिकाणी सर्वाधिक झीज या गोंड्याची होते, म्हणून तो सहज बदलता येईल असाच बांधतात. कुशल गुराखी जनावराला स्पर्श न करता, बाजूच्या हवेत कडाड काढून कळप वळवतो. सप्टेंबर २००० मध्ये सिडनी ऑलिंपिकच्या उद्घाटनाचा आरंभ घोडेस्वाराच्या अशाच एका कडाडाने झाला होता.

७/१०
आता शॅम्बॉक. तो पाणघोड्याच्या किंवा गेंड्याच्या कातड्याचा. हे कातडे इतके जाड की त्याला वेणी घालण्याचा प्रश्नच नाही. एकच लांब पट्टी कापायची, ती गोलसर वळवायची, एका टोकाला निमुळती करायची आणि वाळू द्यायची. हाती येते ती साधारण १ ते दीड मीटर लांबीची, ताठ पण वाकणारी काठी.

८/१०
अशा काठीत धावते वेटोळे तयार होत नाही, त्यामुळे स्टॉकव्हिपचा कडाड तिच्यातून निघत नाही. ती फक्त लागते. शॅम्बॉकने बैल हाकले गेले, साप मारले गेले आणि गुलामांच्या पाठी फोडल्या गेल्या. बेल्जियमचा राजा लिओपोल्ड याच्या काँगोत (१८८५ ते १९०८) पाणघोड्याच्याच कातड्याचा ‘शिकोट’ मजुरांवर चालला. पुढे वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेच्या पोलिसांनी प्लास्टिकचे शॅम्बॉक हाती घेतले. पाणघोडा वगळला गेला, ताठपणा मात्र जपला गेला.

९/१०
तरी सारा दोष कातड्याच्या माथी मारणे खोटे ठरेल. विणलेले, कडाडणारे चाबूकही अमेरिकेतील मळ्यांवर माणसांच्या अंगावर ओढले गेले. साहित्य एवढेच ठरवते की वस्तूला काय शक्य आहे. विणलेला चाबूक धरणाऱ्याला नुसत्या आवाजावर थांबता येते. शॅम्बॉक धरणाऱ्याला ती मुभा जवळजवळ नसते. निवड हाताची, पण त्या हातापुढचे पर्याय कातड्याने आधीच कमी केलेले असतात.

१०/१०
संग्रहालयात चाबूक दिसला, की सोबतच्या पाटीवरील मालकाचे नाव वाचण्याआधी पेड मोजावेत, सांधा कुठे आहे ते पाहावे, शेंडा बदलता येण्याजोगा आहे का ते शोधावे. गोंडा झिजलेला असेल, तर तो चाबूक बहुधा हवेत बोलला. गोंडाच नसेल आणि सबंध वस्तू एकाच पट्टीची असेल, तर तिची झीज कुणाच्या तरी पाठीवर झाली असण्याची शक्यता आहे. त्या पाठीचे नाव पाटीवर क्वचितच असते.