रॉकेलचा बोळा आणि चिमटा

जयपूरला ब्रह्मपुरीत आमच्या घरामागे दूधवाल्याचा म्हशींचा गोठा होता. जुन्या शहराच्या गल्ल्यांतून तेव्हा गाई-म्हशी, उंटगाड्या आणि माणसं एकमेकांना घासूनच ये-जा करत. पावसाळा लागला की आजी संध्याकाळी आम्हा मुलांना ओसरीवर बसवायची आणि कानामागे, काखेत, गुडघ्यामागे बोटं फिरवत गोचीड शोधायची. सापडली की रॉकेलचा बोळा, नाहीतर नुकत्याच विझवलेल्या काडीचा चटका. शेजारच्या काकी गोडं तेल थापायच्या. गळून पडलेली गोचीड आजी नखानं चिरडायची. पुढे चार दिवस खाज, बस्स.

आज हे सगळं करू नका, असं डॉक्टर सांगतात. चटक्यानं किंवा तेलानं डिवचलेली गोचीड पोटातलं आपल्या जखमेत ओकू शकते, आणि त्यात रोगजंतू असू शकतात. चिरडली तर तेच हाताला लागतं. ही भीती उगाच नाही. 1957 साली शिमोग्याच्या क्यासनूर जंगलात ओळखला गेलेला, गोचिडीतून पसरणारा माकडताप 2016 मध्ये आपल्या सिंधुदुर्गातल्या दोडामार्गात येऊन पोहोचला. 2011 मध्ये अहमदाबादजवळ साणंद भागात काँगो तापाचे रुग्ण निघाले, पुण्याच्या विषाणू संस्थेनं निदान केलं. 2019 मध्ये हा काँगो ताप जोधपूरकडेही दिसला. गुरांच्या, उंटांच्या अंगावरची गोचीड तो पसरवते.

आता बारीक टोकाच्या चिमट्यानं गोचीड कातडीलगत धरायची, न पिळता, न झटकता सरळ वर ओढायची आणि जागा साबण-पाण्यानं धुवायची. इतकं सोपं, आणि आजीच्या काडीपेक्षा नक्कीच चांगलं.

पण आजीचं ते रोजचं शोधणं मात्र आपण उगाच सोडून दिलं. गोचीड चावताना दुखत नाही, म्हणून ती शोधावीच लागते. जितका वेळ चिकटून राहील तितका धोका वाढतो. आज मुलं जयपूरजवळच्या नाहरगडच्या डोंगरात भटकून येतात, घरातला कुत्रा पलंगावर झोपतो, चिमटा औषधांच्या डब्यात असतो. अंगावरून हात फिरवणारं कोणी नसतं. माझ्या मते प्रथमोपचाराचा मोठा भाग आजीच्या त्या बोटांतच होता.

रानातून आलेल्या मुलांना आंघोळीआधी नीट तपासा. गोचीड सापडली तर तारीख लिहून ठेवा, आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत ताप किंवा पुरळ आलं तर डॉक्टरांना ती तारीख आवर्जून सांगा.