रुमालाखालचा हात

"उद्यापासून मेस बंद म्हणजे बंद!" ही घोषणा आमच्या होस्टेलमध्ये सेमिस्टरला दोनदा तरी होतेच. रात्री अकरा वाजता कॉमन रूममध्ये सगळे पेटलेले असतात. आणि दुसऱ्या दिवशी साडेबाराला ताट घेऊन लाईनीत पहिला उभा कोण? तर घोषणा देणाराच! मेसवाले काका गालातल्या गालात हसतात आणि भाजी होती तशीच राहते.

असं का होतं याचं उत्तर मला लायब्ररीत सापडलं. पुस्तकाचं नाव 'थिंकिंग स्ट्रॅटेजिकली', साल १९९१, लेखक अविनाश दीक्षित आणि बॅरी नेलबफ. दीक्षित हे नाव वाचूनच वाटलं, हा माणूस आपल्याकडचा दिसतोय. निघालाही तसाच. १९४४ साली मुंबईत जन्म, सेंट झेवियर्समध्ये शिक्षण, मग केंब्रिजला गणित, एमआयटीत अर्थशास्त्राची डॉक्टरेट आणि पुढे जवळजवळ तीस वर्षं प्रिन्स्टनला प्राध्यापक. २०१६ मध्ये पद्मविभूषण. पुस्तकात एक मुद्दा पुन्हा पुन्हा येतो: धमकी असो की वचन, नुसत्या शब्दाला किंमत नाही. आपण मागे फिरणार नाही, हे समोरच्याला आपल्या वागण्यातून पटलं पाहिजे. आता ज्याने महिन्याचे पैसे आधीच भरलेत आणि ज्याच्या खोलीत बिस्किटाचा पुडासुद्धा नाही, त्याला काका कशाला घाबरतील?

वाचता वाचता मला आमचा आज्जा आठवला.

अक्कलकोट म्हटलं की तुम्हाला स्वामी समर्थांचा वटवृक्ष आणि अन्नछत्र आठवत असेल. मला जनावरांचा बाजार आठवतो. तिथे सौदा मराठीत सुरू होतो आणि कानडीत संपतो. आज्जा आणि हेडी रुमालाखाली हात घालायचे आणि बोटं दाबून भाव सांगायचे. शेजारच्याला पत्ता लागायचा नाही.

माझी इंजिनिअरिंगची ॲडमिशन झाली आणि फीसाठी एक बैल विकायचं ठरलं. निघताना आज्जानं दोन दिवसांची वैरण बरोबर घेतली. मी म्हटलं, "संध्याकाळी परत यायचंय ना?" तो काही बोलला नाही. बाजारात त्यानं ती वैरण सगळ्यांना दिसेल अशी ठेवली आणि निवांत तंबाखू मळत बसला. एक हेडी तीनदा आला, तीनदा गेला. दरवेळी भाव थोडा चढला. चौथ्यांदा हात रुमालाखाली गेले आणि मी घड्याळ बघून बोलून गेलो, "आज्जा, आवर की! उद्या फीची शेवटची तारीख आहे."

हेडीची बोटं थांबली. भाव एकदम दोन हजारांनी उतरला, आणि बैल त्याच भावात गेला.

त्या क्षणी काय झालं, हे मला जॉन हार्शान्यी वाचल्यावर कळलं. जन्म बुडापेस्टचा, १९२०. ज्यू वंशाचे म्हणून १९४४ मध्ये त्यांना छळछावणीकडे नेणार होते. ते रेल्वे स्टेशनवरूनच निसटले. १९५० मध्ये देश सोडला, ऑस्ट्रेलियात पोटासाठी कारखान्यात राबले आणि रात्री अर्थशास्त्र शिकले. आधीची गेम थिअरी बहुतेक असं धरून चालायची की खेळ काय आहे हे सगळ्यांना पुरतं माहीत आहे. खऱ्या सौद्यात तसं कुठे असतं? समोरचा गरजू की निवांत, याचा अंदाज बांधून आपण चाल खेळतो आणि नवी माहिती मिळाली की अंदाज बदलतो. आपल्या प्रॉबॅबिलिटीच्या पेपरातला बेझचा नियम तो हाच! हे गणित हार्शान्यींनी १९६७-६८ मध्ये मांडलं. १९९४ चं नोबेल त्यांना नॅश आणि झेल्टेन यांच्याबरोबर मिळालं. मी मात्र हा धडा दोन हजार मोजून शिकलो होतो.

परतताना मी म्हटलं, "चुकलं माझं." आज्जा रागावला नाही. उरलेली वैरण शेजारच्या शेतकऱ्याला देत एवढंच म्हणाला, "बैल गेला. आता घरी नेऊन कुणाला घालू?"

फी दुसऱ्या दिवशी वेळेत भरली गेली. कमी पडलेले दोन हजार त्यानं कुठून आणले, हे त्यानं कधी सांगितलं नाही आणि विचारायचं धाडस मला अजून झालेलं नाही.

तेव्हा मित्रहो, पुढच्या वेळी मेस बंद करायची असेल तर घोषणा नंतर द्या. आधी दोन दिवसांचे चुरमुरे आणा, आणि काकांना दिसतील असे ठेवा!